कॅप्सूलमध्ये काय आहे, आणि ते फ्री कोण करणार?

सी किंवा सी++ मध्ये लिहिलेलं एक मॉड्यूल मेमरीत काहीतरी तयार करतं आणि त्याचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, पायथनच्या हाती देतं. पायथनचा कोड तो तसाच उचलून दुसऱ्या कंपाइल केलेल्या मॉड्यूलकडे पोचवतो. त्या जागी काय ठेवलंय याची मधल्या पायथनला काहीच कल्पना नसते. त्यामुळे काही चुकलं तर ट्रेसबॅक (चूक कुठल्या ओळीवर झाली ते सांगणारा अहवाल) मिळत नाही. 'सेगमेंटेशन फॉल्ट' एवढं छापून प्रोसेस बंद पडते, आणि तेसुद्धा चूक जिथे झाली तिथे नाही, बरंच पुढे भलत्याच ओळीवर.

असा पॉइंटर दिला-घेतला की दोन प्रश्न सोबत येतात. हा नक्की कशाचा पॉइंटर आहे? आणि ती मेमरी फ्री, म्हणजे मोकळी, कोण करणार? सीपायथनमधली (पायथनच्या नेहमीच्या, सी मध्ये लिहिलेल्या इंटरप्रिटरमधली) कॅप्सूल, म्हणजे पॉइंटर आत ठेवणारा पायथन ऑब्जेक्ट, पहिल्या प्रश्नाचं उत्तर चांगलं देते. दुसऱ्याचंही देते असं वाटतं, पण ते अर्धंच असतं. उरलेलं अर्धं आपण ठरवून लिहून ठेवावं लागतं, आणि ते ठेवलेलं नसलं की डबल फ्री (एकच मेमरी दोनदा फ्री करणं) ठरलेला.

आधी सर्रास दिसणारी वाईट पद्धत बघू: पॉइंटरचा पूर्णांक करून पाठवणं. सी-टाइप्स (पायथनमधून सी ची फंक्शनं बोलावण्याचं मॉड्यूल) वापरून लायब्ररी बोलावताना फंक्शनचा 'रेसटाइप', म्हणजे उत्तराचा प्रकार, सांगितला नाही, तर सी-टाइप्स उत्तर साधा सी 'इंट' आहे असं धरून चालतं. ६४ बिट मशीनवर पॉइंटर ८ बाइटचा, इंट ४ बाइटचा. वरचा अर्धा भाग गळून पडतो. तो अर्धा पत्ता पुढच्या फंक्शनला गेला की खेळ खलास. योगायोगाने पत्ता खालच्या भागात आला तर प्रोग्राम चालतोही, म्हणून एका मशीनवर ठीक आणि दुसऱ्यावर क्रॅश असा प्रकार होतो. रेसटाइप 'सी_व्हॉइड_पी' दिला आणि 'आर्गटाइप्स', म्हणजे आर्ग्युमेंटचे प्रकारही भरले की गळती थांबते. पण पूर्णांक तो पूर्णांकच. उद्या कुणी तिथे ४२ दिला तरी तो मुकाट्याने स्वीकारला जातो.

म्हणून कॅप्सूल. ती पायथन २.७ आणि ३.१ मध्ये आली. त्याआधी 'पाय-सी-ऑब्जेक्ट' नावाचा प्रकार होता, त्यात पॉइंटरला ओळखच नव्हती. एका मॉड्यूलचा ऑब्जेक्ट दुसऱ्याला दिला तरी कुणी अडवत नसे. ३.२ मध्ये तो काढूनच टाकला.

पायकॅप्सूल_न्यू ला तीन गोष्टी द्यायच्या: पॉइंटर, नाव आणि डिस्ट्रक्टर, म्हणजे कॅप्सूल नष्ट होताना चालणारं फंक्शन. पॉइंटर नल (रिकामा) चालत नाही. घेणारा पायकॅप्सूल_गेटपॉइंटर बोलावताना त्याला अपेक्षित असलेलं नाव देतो. दोन्ही नावं अक्षरन् अक्षर जुळली तर पॉइंटर मिळतो, नाहीतर नल आणि सोबत व्हॅल्यूएरर. म्हणजे जिथे क्रॅश झाला असता तिथे वाचता येईल असा एरर आला. सगळी सुरक्षा या एका तुलनेवर उभी आहे, त्यामुळे नाव 'डेटा' किंवा 'पीटीआर' असं ठेवण्यात काही अर्थ नाही. 'मॉड्यूल.ॲट्रिब्यूट' या धाटणीचं पूर्ण नाव द्यावं. नावाच्या जागी नलही चालतो, पण मग तपासणीच उरत नाही.

इथे एक बारीक खड्डा आहे. कॅप्सूल नावाची प्रत काढत नाही, नुसता त्या स्ट्रिंगचा पॉइंटर ठेवते. फंक्शनच्या आत लोकल बफरमध्ये एसएनप्रिंटएफ ने नाव बनवून दिलं, तर फंक्शन परतताच ती जागा दुसऱ्या कुणाच्या तरी वापरात जाते. मग कधी नाव जुळतं, कधी 'इनकरेक्ट नेम' असा एरर येतो, आणि कोड वाचून काही कळत नाही कारण दोन्हीकडे नाव बरोबरच लिहिलेलं असतं. नाव स्टॅटिक ठेवा, किंवा हीपवर, म्हणजे स्वतः मागून घेतलेल्या मेमरीत, घेऊन डिस्ट्रक्टरमध्ये फ्री करा.

कॅप्सूलचा सर्वात जुना आणि सोपा वापर म्हणजे फंक्शनांचा तक्ता पाठवणं. डेटटाइम मॉड्यूल असंच करतं: 'डेटटाइम.डेटटाइम_सीएपीआय' या नावाची कॅप्सूल, आत एक स्ट्रक्चर, त्यात फंक्शन पॉइंटर. पायडेटटाइम_इम्पोर्ट हा मॅक्रो पायकॅप्सूल_इम्पोर्ट बोलावून तो पॉइंटर एका स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवतो. स्टॅटिक हा शब्द महत्त्वाचा. व्हेरिएबल हेडर फाइलमध्ये स्टॅटिक आहे, म्हणजे प्रत्येक सी फाइलची प्रत वेगळी. एका फाइलमध्ये इम्पोर्ट केलं आणि दुसऱ्या फाइलमध्ये तारीख बनवायला गेलात, तर दुसरीकडे तो नलच असतो. कंपाइल होतं, लिंक होतं, आणि पहिल्याच कॉलला सेगफॉल्ट. नमपाय या आकड्यांच्या ॲरेच्या लायब्ररीतल्या इम्पोर्ट_ॲरे ची गतही हीच. तिथे मॉड्यूल एकापेक्षा जास्त फाइलींत असेल तर सगळीकडे पाय_ॲरे_युनिक_सिम्बॉल एकच ठेवायचं, आणि जिथे इम्पोर्ट_ॲरे बोलावत नाही त्या फाइलींत हेडरच्या आधी नो_इम्पोर्ट_ॲरे डिफाइन करायचं.

असा तक्ता स्वतः पुरवत असाल तर स्ट्रक्चरमधलं पहिलं फील्ड त्याचा आकार किंवा आवृत्ती ठेवा. नवी फंक्शनं नेहमी शेवटी जोडा, मधलं एकही हलवू नका. नाव जुळलं म्हणजे स्ट्रक्चरची मांडणी जुळली असं होत नाही: घेणारं मॉड्यूल वर्षभरापूर्वीच्या हेडरने कंपाइल झालेलं असू शकतं. नमपाय इम्पोर्टच्या वेळीच एबीआयची (कंपाइल झालेल्या कोडमधल्या मांडणीच्या कराराची) आवृत्ती तपासतं. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं तेव्हा १.x वर कंपाइल केलेली मॉड्यूलं बंद पडली. मनस्ताप झाला, पण निदान एरर वाचता येत होता. तपासणी नसती तर चुकीच्या जागेवरचं फंक्शन बोलावलं गेलं असतं.

तक्त्याचं एक बरं असतं, तो स्टॅटिक असतो, कधीच फ्री करायचा नसतो. डेटा पाठवायला लागलो की खरा प्रश्न सुरू होतो.

मालकी

समजा मॉड्यूल 'अ' ने ८० लाख बाइटचा ब्लॉक घेतला, कॅप्सूलमध्ये घातला आणि डिस्ट्रक्टरमध्ये तो फ्री केला. मॉड्यूल 'ब' ने कॅप्सूलमधून पॉइंटर काढून आपल्या टेन्सरमध्ये (बहुमितीय ॲरेत) ठेवला. पायथनमधली कॅप्सूल तात्पुरती होती, ओळ संपली, रेफरन्स काउंट (तिला धरून असलेल्यांची संख्या) शून्यावर गेला, डिस्ट्रक्टर चालला. 'ब' कडे आता फ्री झालेल्या मेमरीचा पॉइंटर आहे. उलट 'ब' ने मालकी घेतली असं समजून स्वतः फ्री केलं, तर कॅप्सूल जाताना पुन्हा एकदा फ्री होणार. नाव दोन्ही वेळा बरोबर होतं, गेटपॉइंटरने तक्रार केली नाही.

डीएलपॅक या टेन्सर देवाणघेवाणीच्या करारात यावर काढलेला तोडगा असा. देणारा 'डीएलटेन्सर' नावाची कॅप्सूल देतो. घेणारा त्या नावाने पॉइंटर काढतो, आपली रचना पूर्ण करतो आणि मग पायकॅप्सूल_सेटनेम ने कॅप्सूलचं नाव 'यूज्ड_डीएलटेन्सर' करतो. डिस्ट्रक्टर आधी नाव बघतो: 'यूज्ड' असेल तर काहीही न करता परततो, नसेल तर स्ट्रक्चरमधला डिलीटर बोलावतो. नाव बदललेली कॅप्सूल दुसऱ्यांदा वापरायला गेलं की नाव जुळत नाही, एरर येतो. एका दगडात दोन पक्षी. नव्या आवृत्तीत हीच रीत 'डीएलटेन्सर_व्हर्जन्ड' या नावाने चालते.

घेणाऱ्याने इथे क्रम सांभाळायचा असतो. नाव शेवटी बदला. आधी बदललं आणि नंतर मेमरी कमी पडून मधेच परतलात, तर कॅप्सूल म्हणते माझं काम संपलं, आणि ब्लॉक कुणाचाच उरत नाही, लीक होतो. सगळं जमल्यावर बदललं तर मधल्या कुठल्याही अपयशात कॅप्सूल स्वतःच साफसफाई करते.

अपाचे ॲरोची (स्तंभांत मांडलेल्या डेटाच्या कराराची) कॅप्सूल वेगळ्या वाटेने जाते. तिथे 'ॲरो_स्कीमा', 'ॲरो_ॲरे', 'ॲरो_ॲरे_स्ट्रीम' अशी नावं आहेत आणि ती बदलत नाहीत. स्ट्रक्चरमध्ये 'रिलीज' नावाचा फंक्शन पॉइंटर असतो. घेणारा स्ट्रक्चरमधला मजकूर आपल्या स्ट्रक्चरमध्ये उतरवून घेतो आणि मूळ स्ट्रक्चरमधला रिलीज नल करतो. डिस्ट्रक्टर रिलीज नल नसेल तरच तो बोलावतो. फरक असा की बाहेरचं स्ट्रक्चर इथे कॅप्सूलकडेच राहतं आणि डिस्ट्रक्टरने ते दोन्ही परिस्थितीत फ्री करायचं असतं. डीएलपॅकमध्ये सगळं बिऱ्हाडच घेणाऱ्याकडे जातं. एकाची सवय दुसऱ्याकडे नेली की एकतर लीक, नाहीतर डबल फ्री. ॲरोची रीत जास्त सरस वाटते, कारण 'माल उचलला गेला' ही खूण डेटातच राहते आणि पायथन मधे नसतानाही तोच करार चालतो.

दोन्हीकडे डिलीटर स्ट्रक्चरमधूनच का येतो, घेणारा सरळ फ्री का करत नाही? कारण मेमरी मॅलॉकने घेतली, सी++ च्या न्यूने घेतली की जीपीयूवर घेतली हे फक्त देणाऱ्याला माहीत असतं. विंडोजवर तर दोन डीएलएल वेगवेगळ्या सी रनटाइमशी जोडलेले असू शकतात, एकाच्या हीपमधला ब्लॉक दुसऱ्याने फ्री केला की हीप बिघडलाच.

डिस्ट्रक्टर लिहिताना आणखी एक गोष्ट. तो कधी चालेल सांगता येत नाही, एखादा एक्सेप्शन वर जात असतानाही चालू शकतो. आतमध्ये गेटपॉइंटर फसला तर आधीचा एक्सेप्शन पुसला जातो. म्हणून आधी पायकॅप्सूल_इजव्हॅलिड ने विचारा, ते एक्सेप्शन उठवत नाही. आत पायथनचे इतर कॉल असतील तर सुरुवातीला चालू एक्सेप्शन बाजूला काढून शेवटी परत बसवा, ३.१२ पासून त्यासाठी पायएरर_गेटरेज्डएक्सेप्शन आणि पायएरर_सेटरेज्डएक्सेप्शन ही जोडी आहे.

सी मधली मेमरी नमपाय ॲरे म्हणून, प्रत न काढता

हे काम इतक्यांदा लागतं आणि इतक्यांदा चुकीचं केलेलं दिसतं की पायरीपायरीने सांगतो. मेमरी घेतली. लगेच तिची कॅप्सूल बनवली, डिस्ट्रक्टरमध्ये फ्री. कॅप्सूल बनली नाही तर ब्लॉक अजून आपलाच, हाताने फ्री करून नल परत द्यायचा. बनली, की तिथून पुढे ब्लॉकला हात लावायचा नाही, फक्त कॅप्सूलचा रेफरन्स सांभाळायचा. मग पायॲरे_सिम्पलन्यूफ्रॉमडेटा. मापं एनपीवाय_इंटपी च्या ॲरेत द्यायची, साध्या इंटच्या नाही. हा कॉल फसला तर कॅप्सूलवर पाय_डेकरेफ (रेफरन्स काउंट एकने कमी करणं), झालं. ब्लॉक तिच्यासोबत जातो, वेगळा फ्री केलात तर डबल फ्री. ॲरे मिळाला की पायॲरे_सेटबेसऑब्जेक्ट ने कॅप्सूल त्याचा बेस करायची. हे फंक्शन कॅप्सूलचा रेफरन्स गिळतं, अपयश आलं तरीही. म्हणून उणे एक परत आला तर फक्त ॲरे डेकरेफ करायचा, कॅप्सूल नाही.

आता ॲरेचा तुकडा, तुकड्याचा तुकडा, कुणीही जिवंत असेपर्यंत ब्लॉक जिवंत. बेस न लावता 'ओनडेटा' फ्लॅग चिकटवणं हा शॉर्टकट बऱ्याच जुन्या कोडमध्ये दिसतो. तसं केलं की ब्लॉक नमपाय स्वतःच्या पद्धतीने फ्री करतं, आणि तो न्यूने घेतलेला असला तर पुढचं देवाच्या भरवशावर. पायबाइंड११ (सी++ आणि पायथन जोडणारी लायब्ररी) वापरत असाल तर पाय::ॲरे ला शेवटचा बेस म्हणून कॅप्सूल द्या. बेस दिला नाही तर ते डेटाची प्रत काढतं, म्हणजे मूळ ब्लॉक फ्री करायची जबाबदारी तुमच्याकडेच राहते.

उलट दिशेने

पायथनकडून सी कडे मोठा डेटा आणायचा तर बफर प्रोटोकॉल, म्हणजे ऑब्जेक्टची मेमरी थेट वापरू देणारा पायथनचा करार. पायऑब्जेक्ट_गेटबफर बोलावताना फ्लॅग विचारपूर्वक द्यावे लागतात. पायबफ_सिम्पल दिला तर नुसते बाइट मिळतात, फॉरमॅट नल येतो. त्यात १००० घटकांचा फ्लोट३२ ॲरे आला आणि तुम्ही १००० डबल वाचायला घेतले, तर ४००० बाइटच्या ब्लॉकमधून ८००० बाइट वाचताय. पायबफ_फॉरमॅट आणि पायबफ_सी_कंटिग्युअस मागा, मग फॉरमॅट अक्षर, घटकाचा आकार आणि मिती तिन्ही तपासा. सलगपणा मागितला की एकाआड एक घटक घेतलेला तुकडा किंवा ट्रान्सपोज केलेला मॅट्रिक्स आला तर एरर येतो, चुकीचे आकडे येत नाहीत. त्यात लिहायचं असेल तर पायबफ_रायटेबल वेगळा मागायचा.

फॉरमॅट 'एल' दिसला म्हणून तो ८ बाइटचा समजू नका. लिनक्सवर ६४ बिटमध्ये लाँग ८ बाइटचा, विंडोजवर ४ बाइटचा. नमपायचा डीफॉल्ट पूर्णांकही २.० च्या आधी विंडोजवर ३२ बिटचाच होता. अक्षरासोबत आकार तपासला की हा विषय मिटतो.

पायबफर_रिलीज प्रत्येक वाटेवर बोलावला गेलाच पाहिजे, एररच्या वाटेवर विशेषतः. विसरलात तर ऑब्जेक्ट लीक होतो, आणि तो बाइटॲरे असेल तर पायथनमध्ये त्यात काही जोडायला गेल्यावर 'एक्झिस्टिंग एक्सपोर्ट्स ऑफ डेटा' असा बफरएरर येतो, तुमच्या मॉड्यूलपासून कोसभर दूर.

स्ट्रिंगची कथा वेगळी, आणि मराठी मजकूर असला की ती लगेच उघडी पडते. 'मराठी' या शब्दाची लांबी पायथनमध्ये ५, यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट. सी मध्ये १० बाइटचा बफर ठेवून एसटीआरएनसीपीवाय ने भरला, तर 'मरा' चे ९ बाइट आणि 'ठ' चा पहिला बाइट एवढंच बसतं, शेवटी शून्यही नाही. ते १० बाइट पायथनला परत दिले की 'अनएक्सपेक्टेड एंड ऑफ डेटा'. १२ बाइटवर कापलं तर जास्त वाईट: एरर येत नाही, 'मराठ' परत येतं. फक्त इंग्रजी मजकुरावर चालवलेल्या टेस्टमध्ये हे कधीच दिसत नाही. पाययुनिकोड_अॅज़यूटीएफ८अँडसाइझ वापरा, लांबी तीच खरी माना. मिळालेला पॉइंटर त्या स्ट्रिंग ऑब्जेक्टच्या मालकीचा असतो: फ्री करायचा नाही, आणि ऑब्जेक्टचा रेफरन्स न धरता जपूनही ठेवायचा नाही.

पायआर्ग_पार्सटपल मध्ये 'एस#' वापरताना लांबीचं व्हेरिएबल पाय_एसएसाइझ_टी हवं. सवयीने इंट लिहिलं तर फंक्शन ८ बाइट लिहितं, जागा ४ ची. आर्ग्युमेंटची संख्या अनिश्चित असलेलं फंक्शन असल्याने नेहमीच्या सेटिंगवर कम्पायलरही गप्प बसतो. लिटल एंडियन (संख्येचा खालचा बाइट आधी ठेवणाऱ्या) मशीनवर इंटमध्ये लांबी बरोबरच दिसते, आणि शेजारच्या व्हेरिएबलमध्ये शून्य जाऊन बसतं.

रेफरन्सबद्दल थोडक्यात. पायलिस्ट_गेटआयटम उसना रेफरन्स (ज्याची मालकी आपली नाही असा) देतं, मधे पायथनचा कुठलाही कोड चालला तर तो हातातून जाऊ शकतो. ३.१३ पासून पायलिस्ट_गेटआयटमरेफ आणि पायडिक्ट_गेटआयटमरेफ आहेत, नव्या कोडमध्ये तीच वापरा. पायमॉड्यूल_ॲडऑब्जेक्ट यशस्वी झालं तरच रेफरन्स गिळतं, फसलं तर नाही, ३.१० पासूनचं ॲडऑब्जेक्टरेफ कधीच गिळत नाही, त्यामुळे हिशोब सोपा. जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप) सोडून मोजणी करताना बफर धरून ठेवला की मेमरी जागेवर राहते, पण दुसरा थ्रेड त्यात लिहू शकतोच. ३.१३ च्या जीआयएलशिवायच्या बिल्डमध्ये मॉड्यूलने पाय_मॉड_जीआयएल स्लॉटमधून तयारी जाहीर केली नसेल तर इंटरप्रिटर जीआयएल परत चालू करतो आणि वॉर्निंग देतो. ती वॉर्निंग घालवायला म्हणून स्लॉट भरू नका. आधी स्टॅटिक व्हेरिएबलं तपासा.

हे सगळं पकडायचं कसं? पायथनमॅलॉक=डीबग हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवून टेस्ट चालवा. फ्री झालेली मेमरी हेक्समध्ये डीडी ने भरली जाते, नवी सीडी ने, आणि ब्लॉकच्या दोन्ही टोकांना एफडी ची कुंपणं लागतात. डीबगरमध्ये पॉइंटरच्या जागी डीडीडीडी दिसलं की तो फ्री झालेल्या ऑब्जेक्टमधून वाचलाय. ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं कम्पायलरचं साधन) वापरताना मात्र पायथनमॅलॉक=मॅलॉक करा. ५१२ बाइटपर्यंतचे ब्लॉक पायथन स्वतःच्या साठ्यातून देतं आणि सॅनिटायझरला त्यांचं घेणं-सोडणं दिसत नाही, म्हणून तो 'सगळं ठीक' म्हणत राहतो. लिनक्सवर मॉड्यूल एवढंच सॅनिटायझरने बांधलं असेल तर त्याची रनटाइम लायब्ररी एलडी_प्रीलोड मध्ये द्यावी लागते, आणि लीकची तपासणी सुरुवातीला बंदच ठेवा. इंटरप्रिटर बंद होताना स्वतःचंच इतकं काही सोडून जातो की तुमचे लीक त्या गर्दीत सापडत नाहीत. लीक शोधायला डीबग बिल्डमधलं सिस.गेटटोटलरेफकाउंट बरं: तोच कॉल हजार वेळा करा, आकडा हजाराच्या आसपास वाढला तर त्या फंक्शनच्या प्रत्येक फेरीत एक डेकरेफ कमी पडतोय. एररची वाट मुद्दाम फिरवून हेच पुन्हा करा. चुकीच्या नावाची कॅप्सूल द्या, वापरून झालेली कॅप्सूल द्या, सलग नसलेला ॲरे द्या.